वास आपला पायजे

मामांच्या हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी नाकाशी जायची. नोट असो, औषधाची पुडी असो, चहाचा कप असो. एक छोटासा श्वास, मान किंचित तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मग निकाल. "हां, चालतंय." किंवा, "ह्यो आपला नाय." अशी सवय असलेला एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, पण तो बहुधा फळांच्या गाडीपाशी खरबूज हुंगत उभा असेल. मामांनी माझ्यासमोर पहिल्यांदा हुंगली ती इन्सुलिनची बाटली.

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून माझं मेडिकलचं दुकान आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा समोर ज्वारी उभी असायची. आता तिथे एक मंगल कार्यालय आहे आणि त्याच्या बँडमुळे मला गिऱ्हाईक खोकला म्हणतंय की डोकेदुखी हे दोनदा विचारावं लागतं. पण मी सांगतेय ते दोन्हींच्या मधल्या वर्षांचं. शेतं जायला लागली होती, इमारती अजून पुरत्या आल्या नव्हत्या, आणि पाऊस तर कुणाच्याच बाजूने नव्हता.

तर मामा आले. नात्याने माझे कुणी नव्हेत, मेंढरं राखणारे धनगर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि काउंटरवर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. मी बाटली दिली. त्यांनी खोकं उघडलं, बाटली नाकाशी नेली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

"ताई, ह्याला वासच नाय."

"मामा, ते काचेत बंद आहे. वास येईल कसा?"

"तसं नव्हं. ज्याला वास नाय ते कुणाचंच नसतंय. माझ्या लेकराच्या आंगात जायचंय हे. वास आपला पायजे."

काउंटरवर उभं राहून मी लोकांचे किती प्रश्न ऐकले असतील! हे गरम पडेल का, चहाबरोबर चालेल का, याच्याने झोप येईल का. हे औषध कुणाचं आहे, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मामा, घेऊन जा मुकाट्याने. तुमच्या लेकराचं नाही, पण लेकरू जगेल त्याच्यावर." ते गेले, पण जाताना बाटली पुन्हा एकदा हुंगून गेले.

ते लेकरू म्हणजे रेणुका. दोघी थोरल्या मुली सासरी गेलेल्या, ही उशिरा झालेली, त्यामुळे जरा जास्तच लाडाची. बारा वर्षांची असताना एकाएकी वाळायला लागली, घडाघडा पाणी प्यायला लागली. घरचे म्हणाले, उन्हाळा आहे. आणि तो उन्हाळा होताही तसाच, टँकरची वाट बघत अख्खी वस्ती रस्त्याच्या कडेला घागरी मांडून बसायची. मग एका सकाळी मामांना पोरीच्या तोंडाला वास आला. गोडसर, पिकून नासलेल्या पेरूसारखा. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. दुष्काळात गाभण मेंढीच्या पोटात दोन कोकरं असली आणि तिला पोटभर चारा नसला, की ती आपल्याच अंगावरची चरबी जाळत बसते आणि तिच्या तोंडाला असा वास यायला लागतो. अशी मेंढी फार काळ जगत नाही. मामांनी पोरीला खांद्यावर टाकलं आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं, आणि मग समजावून सांगितलं की इन्सुलिन तयार करणाऱ्या हिच्या पेशी हिच्याच शरीराने मारून टाकल्यात, आता जन्मभर सुई.

त्या 'जन्मभर'ने मामा कायमचे अस्वस्थ झाले. माझ्याकडे दर वेळी विचारायचे, "जन्मभर म्हंजी, मदी कव्हा सुट्टी नाय?"

त्यांचं बिऱ्हाड पडेगावच्या पुढे माळावर होतं. पत्र्याची खोली, बाजूला मेंढरांचा जाळीचा वाडा. वीज होती म्हणायला. इन्सुलिनला थंडावा लागतो, आणि फ्रीज कुठून येणार? दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उपाय सांगितला होता. मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवायचं, दोन्हींच्या मध्ये वाळू भरायची आणि ती सतत ओली ठेवायची. सोपं आहे, फक्त पाणी लागतं. आणि त्या वर्षी नेमकं पाणीच तर नव्हतं. मामांनी मार्ग काढला. त्यांनी आंघोळ सोडली आणि ते पाणी वाळूत जायला लागलं.

त्यांची बायको, तिला मी मावशी म्हणायचे, एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "ह्यांच्या आंगाचा वास आता मेंढरांनाबी सोसंना."

"मेंढरांनाच तर सोसतोय," मामा म्हणाले. "तुलाच सोसंना."

रेणुका खळखळून हसली. हसायची खूप, पण तिचं एक दुःख होतं आणि ते ती लपवत नसे. दिवाळीनंतर मेंढरं गोदावरीच्या बाजूला उतरायची, मोकळ्या झालेल्या शेतांमध्ये बसायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचे. लहानपणापासून ती बापाबरोबर जायची. आता तिला आईजवळ माळावर राहावं लागे. "मडकं सोडून मला कुठं जाता येत नाय," ती म्हणायची. "मेंढरं मोकळी हायत ताई, आन मी खुट्याला बांधलेली." ती हे बोलली की मामा उठून बाहेर जायचे. पोरीला त्या मडक्यापासून सोडवायचं, एवढाच ध्यास त्या माणसाने घेतला होता.

एका रविवारी मी त्यांच्या माळावर गेले. रेणुका आठवडाभर दुकानात फिरकली नव्हती, म्हणून साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन गेले होते. जाऊन बघते तर मामा वाड्याशी उकिडवे बसलेले आणि हात रक्ताने माखलेले. एका मेंढीचं कोकरू जन्मतःच मेलं होतं. आणि दुसरी एक मेंढी कोकरू मागे ठेवून मेली होती. त्या पोरक्या कोकराला ही पहिली मेंढी जवळ येऊ देईना, शिंगं असल्यासारखं डोकं मारून उडवायची. मेंढी आपलं पिल्लू डोळ्यांनी ओळखत नाही, वासाने ओळखते. म्हणून मामांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोलून काढलं होतं आणि ते या पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं चढवत होते, पाय भोकांमधून काढून. मी तोंडाला पदर लावला.

"थांबा ताई," मामा म्हणाले. "आता बघा."

कोकरू लटपटत मेंढीपाशी गेलं. मेंढीने त्याचं शेपूट हुंगलं, पाठ हुंगली, परत शेपूट. मग तिने घशातून एक बारीक आवाज काढला आणि ती नुसती उभी राहिली. कोकराने ढुशी देऊन आचळ तोंडात धरलं. तोंडावरचा पदर मी डोळ्यांना लावला, मला रडूच आलं. मी काही फार हळवी बाई नाही, माझ्या नवऱ्याला विचारा, पण त्या दिवशी रडले.

"असंच ठेवायचं कातडं?" मी विचारलं.

"छ्या. तीन-चार रोजांनी उतरवायचं. तवर तिचं दूध ह्याच्या आंगातून फिरतंय, मंग ह्याचाच वास तिच्यावानी व्हतो. उतरवलं नाय तर कातडं सडतंय आन कोकरू मरतंय. वक्तावर उतरवणं, हाच सगळा इलम." कातडं चढवलेलं हे कोकरू पुढे ओळखता यावं म्हणून त्यांनी त्याच्या डाव्या कानाला चीर दिली. "वास आपला पायजे, मंग सगळं आपलं."

त्याच हिवाळ्यात आम्हा औषधविक्रेत्यांच्या मेळाव्यात एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. अशा व्याख्यानांना मी जेवणासाठी जाते, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी जागी राहिले. ते सांगत होते की माणसाच्या कातडीतली एक पेशी घ्यायची आणि तिच्यातला केंद्रक, म्हणजे पेशीचा गाभा, काढायचा. एखाद्या बाईने दिलेलं स्त्रीबीज घ्यायचं, त्याचा गाभा काढून टाकायचा आणि तिथे हा बसवायचा. ते चार-पाच दिवस काचेच्या बशीत वाढू द्यायचं, आणि त्यातून अशा पेशी मिळवायच्या की ज्यांना हवं ते रूप देता येईल. हृदयाच्या करा, मज्जातंतूंच्या करा, इन्सुलिन बनवणाऱ्या करा. मूल जन्माला घालायचं नाही, फक्त दुरुस्तीचं सामान बनवायचं. आणि ते सामान रोग्याच्याच गाभ्यातून आलेलं, त्यामुळे परकं म्हणून शरीर त्याला हाकलणार नाही, अशी आशा. मी उठून उभं राहायचंच बाकी होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते कातडं चढवलेलं कोकरू होतं.

पुढच्याच रविवारी मी माळावर जाऊन हे सगळं सांगितलं. मामा इतके गुंग होऊन ऐकत होते की विडी बोटांत विझून गेली.

"म्हंजी वास आपलाच!" ते म्हणाले.

"पूर्ण आपला. कातडं वरून चढवायची गरजच नाही."

"आन हे कुणी करून बघितलंय का कव्हा?"

"असाच गाभा बदलून परदेशात एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी केली होती, मामा. अशी पूर्ण वाढलेल्या जनावरापासून केलेली पहिलीच."

मामांची छाती फुगली. जणू ती मेंढी त्यांच्याच वाड्यातली होती. "मेंढीच असणार! मेंढी लई समजदार जनावर." मग एकदम त्यांना काळजी लागली. "तिला दूध कुणी पाजलं? वळखलं का आईनं?"

हे मला प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं. "पाजलं असेल कुणीतरी. मोठी झाली, तिला कोकरंही झाली."

"किती जगली?"

"फार म्हातारी नाही झाली. आजारी पडली."

"त्या करणीमुळं?"

"ते नक्की सांगता येत नाही, मामा. आणि हे पण ऐका. अशा पेशी कधीकधी आवरत नाहीत. नको तिथे वाढत बसतात, गाठ होते. म्हणून माणसावर करायला अजून कुणी धजत नाही. वेळ लागेल."

"लागू दे. माझं कातडं आत्ताच घेऊन जा म्हणावं, पाठीवरलं पायजे तेवढं."

"तुमचं चालत नाही. तिचंच लागतं."

"बापाचंबी नाय?"

"नाही. तुमचा अर्धा वाटा तिच्यात आहे, पण अर्धाच. शरीराला तेवढं पुरत नाही."

हा घाव मामांना एवढा जिव्हारी लागेल असं मला वाटलं नव्हतं. ते जमिनीवर काठीने रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "अर्धाच वास," आणि मान हलवली. रेणुका तिथेच होती, बापाला ती दादा म्हणायची. ती म्हणाली, "दादा, अर्धा लई झाला. पुरा असता तर मलाबी कुणी जवळ बसू दिलं नसतं."

इतका वेळ चुलीशी बसलेल्या मावशीने तेव्हा तोंड उघडलं. "ताई, ते बीज म्हणता ते बाईच्या आंगातून काढायला काय करतेत?"

मी सांगितलं. रोज इंजेक्शनं, पोट फुगतं, मग भूल देऊन सुईने काढून घेतात. कधी त्रासही होतो. एका बीजाने भागत नाही, पुष्कळ लागतात. प्राध्यापक म्हणालेच होते की याची खरी भीती ही आहे, गरिबाघरच्या बायका यात ओढल्या जातील. शिवाय तो बशीतला चार-पाच दिवसांचा जीव, त्याला जीव म्हणायचं की नाही, यावर लोकांचं एकमत नाही.

"म्हंजी एका पोरीची सुई सोडवायला दुसऱ्या पोरीला सुया," मावशी म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

"मेंढीचं बीज चालंल का?" मामांनी हळूच विचारलं. पण त्यांचा आवाज पडला होता. त्या संध्याकाळी मला वाटलं की आशा दिली ती दिली, पण तिचं ओझंही यांना नीट कळलंय. बरं झालं.

पण आशा आपल्याला हवं तेवढंच ऐकते. पुढच्या वर्षी मोठ्या रस्त्यावर एका नव्या काचेच्या इमारतीत एक दवाखाना उघडला. वर्तमानपत्रात त्याचा छापील कागद आला, तो रेणुकाने बापाला वाचून दाखवला. 'तुमच्याच शरीरातून तुमचा इलाज. सुईपासून मुक्ती.' मामा तो कागद घेऊन माझ्याकडे धावत आले. कागद हुंगून झाला होताच.

"आलं ताई! तुमच्या त्या सायबांचं आलं!"

मी कागद वाचला आणि माझं डोकं तापलं. "मामा, हे ते नाही. ते अजून प्रयोगशाळेतच आहे. हे लोक पोटावरची थोडी चरबी काढणार, तिचं काहीतरी करून परत टोचणार. नाव मोठं, आत काही नाही. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा."

"इचारलं. त्याबी नगंच म्हणल्या."

"मग?"

"पर आपल्याच आंगातलं हाय ना ते? दुसऱ्याचं तर नाय? मंग बिघडंल कसं?"

मी दुकान सोडून त्यांच्याशी भांडले. रेणुकाशीही भांडले. ती चौदा वर्षांची, तिच्या डोळ्यांसमोर गोदावरीच्या काठची शेतं. दोघंही ऐकेनात. मामांच्या आयुष्यात जे तत्त्व कधी खोटं ठरलं नव्हतं तेच त्या कागदावर छापलेलं होतं, मी कोण पडले? पुढे कधीतरी वाड्यातले मोठे मेंढे दिसेनासे झाले, तेव्हा मी समजले, ते विकून त्यांनी तिथले पैसे भरले होते आणि पोरीला टोचून आणलं होतं.

त्या काचेच्या दवाखान्यात सांगितलं होतं की अंगाने स्वीकारलं की सुई आपोआप सुटेल. कधी, कशी, ते गुळमुळीत. ती अस्पष्ट जागा मामांनी आपल्या ज्ञानाने भरून काढली. सुई म्हणजे वरून चढवलेलं कातडं. आता आतलं आपलं आलंय, तर कातडं किती दिवस ठेवायचं? तीन-चार रोज. जास्त ठेवलं तर सडतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मडक्यातली बाटली काढून पोरीपासून लपवून ठेवली. रेणुकाने विचारलं तर म्हणाले, "आता उतरवायचं. वक्तावर उतरवणं हाच इलम." तिने बापाचं ऐकलं. तिलाही तेच हवं होतं.

दोन दिवसांनी, ऐन दुपारी, दुकानासमोर रिक्षा थांबली. मामा पायऱ्या चढून आले, डोक्याला पागोटं नाही, पायात वहाणा नाहीत.

"ताई, वास आला."

एवढंच म्हणाले. मी रिक्षात डोकावले. रेणुका मावशीच्या मांडीवर, श्वास खोल आणि भरभर, ओठ कोरडे. मी नाक जवळ नेलं आणि मलाही आला. नासलेला पेरू. मी दुकानाला कुलूपसुद्धा लावलं नाही, नवऱ्याला ओरडून सांगितलं आणि रिक्षात बसले. वाटेत मामा एकच पुटपुटत होते, "गाभण मेंढीवानी, गाभण मेंढीवानी." सरकारी दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी सलाईन लावलं. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं त्या नंतर म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

रेणुका शुद्धीवर आली तोवर मामा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून होते. मी चहा आणला. त्यांनी कप घेतला आणि सरळ तोंडाला लावला. हुंगला नाही. मला ते बघवलं नाही.

"ताई, मेंढी चार रोजांत वळखते. हिच्या आंगानं का नाय वळखलं?"

मी खरं तेच सांगितलं. "ओळखायला आत काही नव्हतंच, मामा. त्यांनी नवीन काही घातलंच नव्हतं."

मामांनी कप खाली ठेवला. "म्हंजी मी कातडं उतरवलं, आन आत कोकरूच नव्हतं."

माझ्या ओळखीत रडणारी माणसं पुष्कळ आहेत, पण असा कोरडा रडणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घोंगडीला मेंढरांचा, धुराचा आणि पाण्याविना राहिलेल्या माणसाचा वास होता, आणि त्या क्षणी मला तो वास माझ्या बापाइतका जवळचा वाटला.

पुढे त्या दवाखान्याला कुलूप लागलं आणि तिथे मोबाइलचं दुकान आलं. माझी समजूत होती की मामा आता या विषयाचं नाव काढणार नाहीत. पण तसे ते नव्हतेच. महिनाभराने इन्सुलिन न्यायला आले तेव्हा काउंटरवर वाकून त्यांनी हळूच विचारलं, "ते खरंवालं कुठवर आलंय?"

त्यानंतर दर खेपेला हाच प्रश्न. एखादी बस वैजापूरहून निघाली का, असं विचारावं तसं. मी जमेल ते वाचून ठेवायला लागले, मामांना सांगायचं म्हणून. एकदा सांगितलं की आता स्त्रीबीजाशिवायही कातडीच्या पेशीला मागे नेऊन सगळी रूपं घेणारी पेशी करतात. मामा म्हणाले, "हे तुमच्या मावशीला सांगा, तिला बरं वाटंल." एकदा सांगितलं की अजून प्रयोगच चाललेत, जपून, थोड्या लोकांवर.

"चालू द्या," मामा म्हणाले. "म्हणावं, घाई नगं. पर थांबूबी नगा. पोरगी वाट बघायलीय." आणि बाटली हातात घेतली की तिला नाकाशी न नेता नुसतं कपाळाला लावायचे. वास नसलेल्या त्या कुणाच्याच नसलेल्या औषधाने त्यांची पोर जगत होती, एवढं त्यांनी मान्य केलं होतं.

दरम्यान शहर पडेगाव ओलांडून पुढे गेलं. मेंढरं बसवायला जी शेतं होती त्यात पांढरे दगड रोवले गेले, मग तारा, मग पाट्या. माळाच्या मालकानेही प्लॉट पाडले. मेंढरांना रस्त्याने न्यावं तर गाड्या. मामांचे गुडघे गेले होते. अखेर त्यांनी कळप कन्नड तालुक्याकडच्या एका तरुण धनगराला दिला. मी विचारलं, "मेंढरं जातील का त्याच्यामागे?"

"नाय जायची. म्हणून माझी घोंगडी दिली त्याला. म्हणलं, ही पांघरूनच हिंड. मेंढरं वासामागं चालतेत. हळूहळू त्याचा व्हईल तो वास."

त्या थंडीत मामा नवी, दुकानातली शाल पांघरून दुकानावर आले. शालीत ते कुणी दुसरेच दिसत होते. पुढच्याच थंडीत एका सकाळी ते उठले नाहीत. मला कळलं ते रेणुका एकटी इन्सुलिन न्यायला आली तेव्हा. तिने बाटली घेतली, कपाळाला लावली आणि मग सांगितलं.

ती आता बिडकीनला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. कंपनीची बस येते, कँटीनमध्ये फ्रीज आहे. मडकं गेलं, सुई आहे. मध्ये तिच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, एका संशोधनासाठी कातडीचा लहानसा तुकडा देशील का. तुला याचा काहीच उपयोग नाही, तुझी सुई याने सुटणार नाही, असंही स्वच्छ सांगितलं होतं. तिने दिला. दंडावरचा छोटा व्रण मला दाखवत ती म्हणाली, "दादाचं घेतलं नसतं ना त्यांनी. मंग मीच दिलं दोघांचं."

मामांचं वर्षश्राद्ध दौलताबादला त्यांच्या भावाकडे होतं. मी रेणुकाला स्कूटरवर मागे घेऊन निघाले. घाटाच्या अलीकडे रस्ता मेंढरांनी अडवला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. कळपाच्या पुढे एक तरुण होता आणि त्याच्या खांद्यावर ती घोंगडी. रेणुकाने माझा खांदा इतका घट्ट धरला की मी ब्रेक दाबला.

ती उतरून त्याच्याजवळ गेली. काय बोलली ते हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. त्याने घोंगडी काढून तिच्या हातात दिली. तिने तिच्यात तोंड खुपसलं. मी गाडीवर बसून बघत राहिले. बापाचे कपडे रिवाजाप्रमाणे वाटून टाकले होते, घरात त्याच्या वासाचं काहीच उरलं नव्हतं, हे तिने मला सांगितलं होतं.

तिने तोंड वर केलं. "नाय ताई," ती म्हणाली. "त्याचा झालाय आता."

डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. तिने घोंगडी आपल्या हाताने त्या तरुणाच्या खांद्यावर परत टाकली. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसली, कारण तिची दुपारची वेळ झाली होती. पिशवीतून सुई काढली, कुडत्याचं टोक वर केलं आणि टोचून घेतलं. कळप तिला वळसा घालून पुढे निघाला. एक म्हातारी मेंढी तेवढी थांबली. डाव्या कानाला ती जुनी चीर होती. तिने रेणुकाचा सुईचा हात हुंगला, मनगट हुंगलं, दंडावरचा तो व्रण हुंगला, आणि तिथेच उभी राहिली. त्या तरुणाने दोनदा हाळी दिली, तरी ती जागची हलेना.